खारवलेलं कातडं

माझ्या आईला कोळंबी बाधते, हे गोराईत अजून कुणालाच पटलेलं नाही. सगळ्यात कमी पटलंय ते आईला.

जन्मभर जिने टोपल्यांनी कोळंबी सोलली, बोरिवलीच्या बाजारात बसून विकली आणि उरलेली कालवणात घातली, तिच्या हाताला एक दिवस सोलता सोलताच खाज सुटली. मग लाल गांधी उठायला लागल्या. पुढे एका हळदीला कोळंबीचं सुकं खाल्लं, तर ओठ सुजून श्वास लागला. डॉक्टरांनी हातावर टोचून चाचणी केली आणि सांगून टाकलं, मंजुळाबाई, आजपासून कोळंबी बंद. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना आई मला म्हणाली, "कोलंबी नाय गो, तो बरफ. हल्ली बरफान कायतरी घालतान."

बर्फ बदलला, गांधी तशाच. मग तिने हातमोज्यांवर संशय घेतला, मग टोपलीच्या रंगावर, मग शेजारणीच्या नजरेवर. शेवटी मान्य केलं नाहीच, फक्त कोळंबीला हात लावणं सोडलं. आता बाबा अंगणाच्या पार टोकाला बसून कोळंबी सोलतात आणि आई ओटीवरून त्यांच्या चुका काढते. बाबांचं नाव महादू. लहानपणापासून समुद्रावर जाणारा माणूस, पण कोळंबी सोलायची म्हटली की त्यांचे हात बुजतात.

हे सगळं सांगायचं कारण असं की आईला बाधतं ते कोळंबीतलं एक प्रोटीन, आणि त्या प्रोटीनच्या मागे मी हात धुऊन लागले होते.

मी जान्हवी. मुलुंडच्या एका औद्योगिक वसाहतीत, दुसऱ्या मजल्यावरच्या गाळ्यात आमची प्रयोगशाळा आहे. खाली रबराचे वॉशर बनतात, शेजारी अगरबत्त्या पॅक होतात आणि मध्ये आम्ही प्रोटीनचे स्फटिक करतो. म्हणजे करायचा प्रयत्न करतो. प्रोटीनचा एक रेणू आमच्या कुठल्याही मायक्रोस्कोपात दिसत नाही. त्याचा आकार कळायचा तर त्याच्या कोट्यवधी रेणूंना एका शिस्तीत, रांगेत उभं करायचं आणि त्यावर क्ष-किरण सोडायचे. असा रांगेत उभा राहिलेला घोळका म्हणजे स्फटिक. मिठाचा, साखरेचा आपला आपण होतो. प्रोटीनचा करता करता माणूस म्हातारा होतो.

त्यातही हे कोळंबीवालं म्हणजे अर्कच. बाकीची प्रोटीनं निदान लाडवासारखी गोळा झालेली असतात. हे लांबलचक, दोन पदरांची पीळ दिलेली दोरी. दोऱ्या एकावर एक रचून कधी भिंत उभी राहते का? मी तापट आहे, आईवर गेलेय, आणि ह्या दोरीने माझं डोकं जितकं फिरवलं तितकं माझ्या लग्नाचा विषय काढणाऱ्या आत्यांनीही फिरवलं नसेल.

काम सुरू केलं तेव्हा आईने विचारलं होतं, "तो दिसला का मना कोलंबी खाता येल?"

"नाही गं, आये. त्याचा आकार कळला तर पुढे कधीतरी कुणी औषध काढेल. त्याला खूप वर्षं लागतील."

"मंग बगतंस कशाला?"

मग तिनेच जरा विचार करून सांगितलं, "नाय, बग तू. जिच्याशी भांडाचं तिचं तोंड तरी दिसाला पायजे. पाठीमागून कोन भांडतं?"

बाजारात आईशी भांडायला भलेभले कचरतात, पण ती कुणाच्या पाठीमागे कधी बोलली नाही. तिला त्या प्रोटीनचं तोंड दाखवायचं, हे मी तेव्हाच मनाशी पक्कं केलं. प्रबंध, बढती, सगळं नंतर.

पण वेळ संपत आला होता. आमचे प्रमुख सुबोध सर अतिशय सभ्य, आवाजही न चढवणारे. त्यांनी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मला बोलावलं. इंदूरच्या मोठ्या क्ष-किरण यंत्रावर आम्हाला दिवाळीनंतरचा एक दिवस मिळाला होता.

"जान्हवी, तोवर स्फटिक झाला तर उत्तम. नाही झाला तर कोळंबी बंद. आपण दुसरं प्रोटीन घेऊ."

डॉक्टरांचे नि सरांचे शब्द तेच. आमच्या घराण्याला कोळंबी बंद व्हायचा शापच असावा.

आमची रीत साधी असते. काचेच्या छोट्या चकतीवर प्रोटीनचा थेंब ठेवायचा, चकती उलटी करून एका वाटीवर झाकायची आणि वाट बघायची. थेंब हळूहळू आटतो, रेणूंची दाटी होते आणि नशिबात असेल तर ते रांगेत उभे राहतात. माझ्या नशिबात दर वेळी नुसता चिकट साका. मला वाटायला लागलं, चूक काचेची आहे. काच फार गुळगुळीत. रेणू येतो नि निसटतो, येतो नि निसटतो. खडीसाखर करताना पाकात दोरा का सोडतात? साखरेला धरायला काहीतरी खरखरीत लागतं म्हणून. बारीक खाचेत चार रेणू अडकले तर एकमेकांना भेटतील, मग पाचवा येऊन चिकटेल, मग सहावा. जगात बऱ्याच जणांनी हे करून बघितलंय. कुणी घोड्याचा केस वापरला, कुणी छिद्रांची काच. नवं काही नव्हतं, फक्त माझ्या दोरीला कुठला खरखरीतपणा मानवेल ते शोधायचं होतं.

ह्यात मला साथ होती प्रज्योतची. प्रज्योत माझ्याच वयाचा, माझ्याच हुद्द्याचा, घरचे मालवणचे, आजोबा गिरणीत होते, ह्याचा सगळा जन्म मुलुंडात. आम्ही दंतवैद्य वापरतात तसलं पातळ रबर आणलं. ते कशावरही ओतायचं, घट्ट झालं की सोलून काढायचं, की त्या वस्तूच्या खाचाखोचांचा छाप रबरावर उठतो. त्या छापाच्या चकत्या पाडायच्या आणि काचेऐवजी त्यांवर थेंब ठेवायचा.

प्रज्योतला तर चेवच चढला. करवंटी आणली, फणसाची साल आणली, घरची किसणी आणली, आणि एकदा चक्क त्याच्या आईने केलेलं घावन डब्यातून काढून त्यावर रबर ओतायला निघाला.

"अरे, खा ते! वेडा आहेस का?"

"जाळी बघ गो त्याची, जाळी! अशी जाळी तुझी काच सात जन्मांत देईल?"

घावनाच्या छापावर बुरशी आली. करवंटीवर काही नाही, फणसावर काही नाही. दिवाळीचे कंदील दुकानांत लागले आणि माझी चिडचिड इतकी वाढली की अगरबत्तीवाले आमच्या दारासमोरून जाताना पावलं दबकी टाकायला लागले.

आणि मग मला मुशी आठवली. मुशी म्हणजे लहान शार्क. तिच्या कातड्यावरून डोक्याकडून शेपटीकडे हात फिरवला तर रेशीम, उलटा फिरवला तर पॉलिश पेपर. कारण त्यावर डोळ्याला न दिसणारे दात असतात, ओळीने, कौलांसारखे लावलेले. शाळेत असताना पेन्सिलीला टोक काढायला मी सुकल्या मुशीचं कातडं वापरायचे. काखेत कळसा आणि गावाला वळसा, अशी माझी गत.

लगेच आईला फोन लावला. "आये, मुशी आली की तिचं कातडं माझ्यासाठी ठेव. गोड्या पाण्याने धुवायचं, डब्यात घालायचं आणि बर्फात ठेवायचं. दुसरं काही करायचं नाही. कळलं?"

"बरं," आई म्हणाली.

आई एका शब्दात "बरं" म्हणते तेव्हा माणसाने सावध व्हायला हवं. मी झाले नाही.

रविवारी बोरिवलीच्या जेट्टीवरून होडीने पलीकडे उतरले आणि घराजवळ आले तर वलांडीवर, म्हणजे बोंबील वाळवायच्या बांबूंवर, बोंबलांच्या रांगेशेजारी माझं कातडं टांगलेलं. ऐटीत. उन्हात चमकत होतं, कारण त्यावर मिठाचा थर होता.

"आये! मीठ लावलंस?"

"मंग? बिनमिठाचं ठेवू? सरलं असतं, कुजलं असतं."

"मी बर्फात ठेवायला सांगितलं होतं ना!"

"तुना काय कलतं? कातरं कोन बरफान ठेवतं? लोक हसतील."

मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. तिनेही परतफेड केली. शेजारच्या ओट्यांवरून माणसं बघायला लागली, पण आमच्याकडे हे नवीन नसल्यामुळे लवकरच आत गेली. बाबा मधे पडले नाहीत. ते कधीच पडत नाहीत, म्हणून तर संसार टिकला.

आता कळतं की ती तरी काय करणार? आमच्या घरात न विकलेल्या, न शिजलेल्या कुठल्याही माशाला दिवस मावळायच्या आत मीठ लागतं. तिच्या आईचं तसंच, आजीचं तसंच. त्यासाठी विचार करावा लागत नाही, हात आपोआप बरणीकडे जातो. आईला मासा बिनमिठाचा ठेवायला सांगणं म्हणजे दार उघडं टाकून झोपायला सांगणं.

पण माझाही राग उगाच नव्हता. आमच्या धंद्यात मीठ म्हणजे बहुरूपी. थेंबांत आम्हीच नाना क्षार घालतो, आणि ते कधी कधी इतका देखणा स्फटिक धरतात की माणूस पेढे वाटून मोकळा होतो. मग कळतं, ते प्रोटीन नव्हतंच, नुसतं मीठ होतं. अशा कामात वरून आणखी मीठ ओतायचं म्हणजे हौसच!

दुसरी मुशी मिळेना. वाऱ्याचा इशारा लागला होता, होड्या किनाऱ्यालाच होत्या. नाइलाजाने तेच कातडं पिशवीत घातलं. जाताना आई ओटीवरून म्हणाली, "पिशवी नीट बांध, होरीन वास येल." मी पिशवीला करकचून गाठ मारली आणि जेट्टीकडे निघाले.

मुलुंडला ते धुवायची सोय नव्हती, कारण ओल्या कातड्यावर रबर बसत नाही आणि वाळवलेलं कातडं एकदा भिजलं की लवकर सुकत नाही. मी टूथब्रशने जमेल तेवढं मीठ झाडलं, रबर ओतलं, घट्ट झाल्यावर सोललं आणि तो छाप मात्र पाण्याखाली इतका धुतला की मिठाचं नावही उरू नये. मग थेंब ठेवले. अगरबत्तीवाल्यांनी वासाची तक्रार केल्यावर कातडं टाकून दिलं. पुढे वारा पडला, होड्या गेल्या, बाबांनी एक ताजी मुशी आणली आणि ह्या वेळी आईला दूर ठेवून, गोड्या पाण्याने धुऊन, बर्फातून स्वतः जेट्टीवर आणून दिली. तिचं कातडं कोरडं टिपून त्याचाही छाप घेतला. तो बघा किती स्वच्छ, कसा शास्त्रशुद्ध! माझा सगळा भरवसा ह्या दुसऱ्या छापावर होता.

दिवाळीची सुट्टी संपवून आले. आधी शास्त्रशुद्ध छाप बघितला. थेंबात साका, नेहमीचा, ओळखीचा. मग केवळ बघायचा म्हणून खारट मुशीचा छाप मायक्रोस्कोपाखाली धरला आणि तशीच थिजले.

थेंबात एक स्फटिक होता. एकच. पतंगासारखा चार बाजूंचा, कडा सरळ, अंग स्वच्छ.

"प्रज्योत!"

तो धावत आला, डोळा लावला आणि कितीतरी वेळ हललाच नाही. "झकास," तो हळूच म्हणाला. "देवा म्हाराजा. झकास."

सर आले. त्यांनीही बघितलं. मग नेहमीच्याच शांत आवाजात विचारलं, "हा छाप खारवलेल्या कातड्याचा ना?"

"हो."

"मग मीठच असणार, जान्हवी. वाईट वाटून घेऊ नकोस."

त्यांचं काही चुकत नव्हतं. मलाही मनातून तेच वाटत होतं. मी पुष्कळ धुतलं होतं, पण माझ्या आईने लावलेलं मीठ इतक्या सहजासहजी जाणारं नव्हे.

खात्री करायची एक जुनी रीत आहे. बारीक सुईने स्फटिक दाबायचा. मीठ असेल तर कट् करून फुटतं, काचेसारखं. प्रोटीन असेल तर ते मऊ, कारण त्याच्या पोटात पाणीच पाणी असतं. पण मऊ असो की कडक, दाबलेला स्फटिक कामातून गेला. आणि माझ्याकडे एकच होता.

सर गेल्यावर प्रज्योत माझ्या कानाशी लागला. "हात नको लावू यार. तसाच इंदूरला ने. झाकली मूठ सव्वा लाखाची. प्रोटीन निघालं तर घोडं गंगेत न्हालं."

"आणि मीठ निघालं तर?"

"तर तिकडेच कळेल ना. आत्ता कशाला हात दाखवून अवलक्षण?"

त्याचं म्हणणं व्यवहाराला धरून होतं. पण इतक्या लांब जायचं, त्या मोठ्या यंत्रापुढे आईच्या बरणीतलं मीठ ठेवायचं आणि आमचा दिवस घालवून परत यायचं? आणि तोवर रोज मनात हो की नाही, हो की नाही करत बसायचं? मला झाकली मूठ जमत नाही. बंद डबा दिसला तरी मी उघडून वास घेते. शिवाय खोटं ठरायचंच असेल तर ते माझ्या हाताने ठरू दे, हा अहंकारही होताच.

सुई घेतली. प्रज्योत म्हणाला, "मी नाही बघत," आणि माझ्या खांद्यावरून बघत राहिला.

सुईचं टोक स्फटिकाला लागलं. मी दाबलं. कट् झालं नाही. सुई आत शिरली, अगदी सहज, शिजलेल्या साबुदाण्यात शिरावी तशी, आणि तो देखणा पतंग मुकाट्याने चुरा होऊन थेंबात पसरला.

"प्रोटीन आहे!" प्रज्योत ओरडला. "अगो, प्रोटीन आहे ता!"

मी खुर्चीत बसले आणि रडायला लागले. आनंद झाला होता, खरंच झाला होता, आणि जगात होता तो एकुलता एक मी स्वतः फोडला होता. दोन्ही एकदम झालं की रडण्याशिवाय माणूस करणार काय?

मग धावपळ सुरू झाली. चुरा बियाणं म्हणून काचेवरच्या ताज्या थेंबांत टाकला, तिथे तो विरघळून गेला. शास्त्रशुद्ध छापावर पुन्हा थेंब ठेवले, पुन्हा साका. खारट कातडं मी फेकून दिलेलं, त्याच्या छापाचा थोडासाच तुकडा शिल्लक. एकाच जातीचा मासा, एकच रबर, एकच प्रोटीन. मग एकावर झालं नि दुसऱ्यावर का नाही? दोन्ही छाप शेजारी शेजारी ठेवून मी मोठ्या मायक्रोस्कोपाखाली बघत बसले. दातांच्या ओळी दोन्हीकडे सारख्याच. कौलं तीच, रचना तीच. फक्त जुन्या छापावर त्या ओळींच्या मधे मधे बारीक चौकोनी खड्डे होते. एकदम चौकोनी, फाशांच्या आकाराचे, काही मोठे, काही अगदी सूक्ष्म.

निसर्गात मुशीला चौकोनी खड्डे नसतात. चौकोनी असतो तो मिठाचा खडा.

मी झाडलं तरी बारीक मीठ कातड्याला चिकटून राहिलं होतं. रबर त्याच्याभोवती घट्ट झालं. मग मी धुतलं तेव्हा मीठ विरघळून गेलं आणि जिथे मीठ होतं तिथे खड्डे राहिले. माझ्या दोरीला मुशीच्या दातांशी काही देणंघेणं नव्हतं. तिला हवी होती मिठाने सोडलेली रिकामी जागा.

मी डोळे मिटून घेतले, कारण आता काय करावं लागणार ते मला दिसत होतं. प्रज्योतलाही दिसलं असावं. त्याने हसू दाबत माझा फोन माझ्या हातात दिला.

"आये," मी म्हटलं, "मुशी आली की कातडं ठेव."

"बरफान ना? धुवून. ठेवतंय." आवाज ताठ होता. भांडण तिच्या अजून लक्षात होतं.

"नाही. मीठ लाव."

पलीकडे कोंबड्यांचा कलकलाट चालला होता.

"काय बोललंस? आयकाला नाय आलं."

"मीठ लाव, आये."

"ओ, आयकलंव काय?" ती बाबांना हाक मारत होती. "पोरगी बोलते मीठ लाव!" मग पुन्हा फोनवर मला, "बारीक लावू का जारं?"

मला माहीत नव्हतं. शेवटी म्हटलं, "तू मागच्या वेळी लावलं होतंस तसंच."

"मी नेहमी लावतंय तसंच लावलं होतं," आई म्हणाली आणि फोन ठेवला. त्या दिवशी अर्ध्या गोराईला ही बातमी कळली असणार.

नुसत्या रबरात मीठ मिसळूनही खड्डे होतात, ते आम्ही नंतर केलं आणि आता तसंच करतो. पण तेव्हा जोखीम घ्यायची हिंमत नव्हती. आईने खारवलेल्या तीन कातड्यांचे छाप घेतले. थेंब ठेवले. आणि पतंग उगवले. एक नाही, ओळीने, जत्रेला यावेत तसे. सरांनी प्रत्येक थेंब बघितला, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा बघितला. "आईंना माझा नमस्कार सांग," म्हणाले.

इंदूरला आम्ही दोघं गेलो. यंत्र आपलं काम करत होतं आणि पडद्यावर ठिपके उमटत होते. त्या ठिपक्यांवरून आकार काढायला पुढे बरेच दिवस गेले, पण तो निघाला. ह्या जातीच्या दोऱ्या स्फटिकात कशा बसतात ते मी पूर्वी वाचलेलं होतं, तरी आपल्या घरच्या कोळंबीतलं बघताना अंगावर काटा आला. दोऱ्या एकमेकींवर रचलेल्या नव्हत्याच. टोकाला टोक जोडून लांब धागे झाले होते, धागे एकमेकांना आडवे गेले होते, मधे पतंगाच्या आकाराच्या मोकळ्या जागा आणि त्या सगळ्या पाण्याने भरलेल्या. मी भिंत उभी करायला बघत होते. ती कधी होणारच नव्हती.

त्याचं मोठं रंगीत चित्र छापून घेतलं आणि रविवारी गोराईला गेले.

बाबा ओटीवर फाटलेलं जाळं घेऊन बसले होते. चित्र आधी त्यांच्या हातात गेलं. त्यांनी ते सरळ धरलं, आडवं धरलं, लांब धरलं.

"आस बरोबर हाय," ते म्हणाले. आस म्हणजे जाळ्याचं भोक. "पन गाठी कुटं हायत?"

"गाठी नाहीत, बाबा. टोकाला टोक चिकटतं."

"हे कोलंबीचं?"

"कोळंबीच्या आतलं."

बाबांनी मांडीवरच्या जाळ्याकडे बघितलं, मग चित्राकडे, आणि मान हलवली. "आपन तिला धरतंव जाल्यान, न् तिच्या पोटान जालंच," ते स्वतःशीच म्हणाले आणि हसत पुन्हा सुई चालवायला लागले.

आई आतून हात पुसत आली. "हाच काय तो?"

"हाच."

तिने चित्र घेतलं आणि पायरीवर मांडीवर ठेवून बसली. आधी नुसतं बोट लावलं, जपून, जसं गरम तव्याला लावतात. मग सगळा तळवा ठेवला. थोडा वेळ थांबली, हात उलटून बघितला. गांधी उठली नाही. कागदच तो.

आणि मग तिने सुरुवात केली. बाजारात करते तशी, पूर्ण आवाजात, चित्र समोर धरून. "जल्ला तुजं तोंड! मी तुजं काय वाईट केलं रं? पावसान भिजून तुना सोललं, उन्हान बसून तुना इकलं. नखां गेली माजी. तुना कवा सरू दिला नाय, तुना कवा टाकला नाय. आनि तू मनाच चावतंस? दुसरी कोन गावली नाय तुना?" तिच्या ह्या आवाजाची लहानपणी मला शाळेतल्या मैत्रिणींपुढे लाज वाटायची. आज मी पायरीवर तिच्या शेजारी बसले, गुडघ्यांना मिठी मारली आणि वाटलं, हा असाच चालू राहावा. शेजारी पुन्हा ओट्यांवर आले. ह्या वेळी आत गेले नाहीत.

बोलता बोलता आईचा आवाज खाली आला. तिने पदराने चित्रावरची धूळ पुसली, जिथे धूळ नव्हती तिथेही पुसली.

"तुज्यावरच शिकली ही," ती त्याला हळूच म्हणाली. "तुज्यावरच शिकली, आनि हिनीच तुना धरला."